गळलेली सत्त्याण्णव चित्रं

गाठमास्तरांचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. गजर लावून उपयोग नव्हता. वाजला तरी त्यांना ऐकू येत नसे. एकतीस वर्षं त्याच वेळी उठल्यामुळे डोळे आपोआप उघडत. चूळ, चहा, डबा, आणि पावणेसहाला यंत्रमागांच्या शेडच्या दारात हजर. एका छताखाली चव्वेचाळीस माग, त्यातले सहा त्यांचे. आठ तास त्या सहा मागांमधून येरझाऱ्या घालायच्या, तुटलेला धागा शोधायचा, जोडायचा, पुढे जायचं. तिथे बसायला जागा नव्हती आणि बसणाऱ्या माणसाचं तिथे कामही नव्हतं.

हजेरीच्या वहीत नाव काय असेल ते असो, शेडमध्ये सगळे त्यांना गाठमास्तर म्हणत. त्यांनी मारलेली गाठ कापडाला भिंग लावूनही सापडत नसे.

माग चालू असताना माणसाचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणून आवाज काढायच्या भानगडीत कोणी पडत नसे. नुसते ओठ हलवायचे, समोरचा वाचतो. जॉबरने, म्हणजे मागांवरच्या मुकादमाने, चार माग पलीकडून शिवी दिली तरी ती अक्षरन् अक्षर पोचायची. नवा माणूस ही विद्या वर्षभरात शिकतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी कान शेडमध्येच ठेवून घरी जायला लागतो. गाठमास्तरांचा उजवा कान पुरता गेला होता, डाव्यात थोडं काही उरलं होतं. घरी त्यावाचून अडत नव्हतं. बायकोने लग्नानंतर चार वर्षं त्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरल्या होत्या. ओठांचं बोलणं तिलाही येत होतं. शिवाय तिचा आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरून लेकीला हाक मारली तर रस्त्यापलीकडचा दुकानदार मान वर करून बघायचा.

तो आवाज बसला. आधी सर्दी म्हणून औषधं झाली, मग घसा धरलाय म्हणून. आठ महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार मिळाला. तोवर एक शब्दही बोलायचा नाही, अशी ताकीद. बोलण्यासारखं तसं उरलंही नव्हतं. तोंड उघडलं की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी खरखर यायची.

परत येताना बसमध्ये तिने ओठांनी विचारलं, "माझा आवाज कुठे भरून ठेवलेला आहे का हो?"

"भरलेला म्हणजे?"

"दादाने कॅमेरा घेतला होता, तेव्हाची कॅसेट. आत जायच्या आधी एकदा ऐकायचाय. जाणार आहे तो कसा होता, हे मला कळायला नको?"



"काढून देतो," गाठमास्तर म्हणाले. बहिऱ्या माणसाच्या अंदाजाने म्हणाले, त्यामुळे अर्ध्या बसने मागे वळून पाहिलं.

कॅसेट कपाटाच्या वरच्या फळीवर कॅमेऱ्यासकट सापडली. मेहुण्याने तो कॅमेरा चौदा वर्षांपूर्वी हौसेने घेतला, एक अख्खा दिवस शेडमध्ये आणि मग घरी शूटिंग करत हिंडला, पुढे हौस फिटली आणि कॅमेरा बहिणीकडे टाकून गेला. काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट, तासाभराची. पहिली चाळीस मिनिटं शेडची, उरलेली घरची. तेवढी एकच. दुसरी कधी भरलीच नाही.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान एका जिन्याखाली होतं. त्याने कॅमेरा उघडला, आत कापूस फिरवला, कॅसेट अर्धा मिनिट चालवली आणि बंद केली. मग काहीतरी बोलला. त्याच्या मिशा इतक्या दाट होत्या की ओठ दिसतच नव्हते. गाठमास्तरांनी वही पुढे केली.

त्याने लिहिलं, 'पट्टीवरचा लेप सुटलाय. दर वेळी चालवाल तेव्हा झडणार.'

"किती वेळा चालेल?"

'दोनदा. नशीब असेल तर तीनदा.'

"आणि नसेल तर?"

त्याने खांदे उडवले. खांद्यांना मिशा नव्हत्या, ते कळलं.

पुढची कृतीही त्यानेच लिहून दिली. कॅमेऱ्याची वायर कॉम्प्युटरला जोडायची, कॅसेट चालवायची, चित्र आणि आवाज आत भरून घ्यायचे. मोठी फाइल होईल. ती दुसऱ्या प्रोग्रामने बदलून लहान करायची, म्हणजे कुठेही चालेल. शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. ती सगळी आली पाहिजेत.' ती ओळ गाठमास्तरांनी वाचली, पण तेव्हा ती त्यांना शोभेची वाटली.

कॉम्प्युटर लेकीचा. तिच्या कॉलेजसाठी घेतलेला. ती नोकरीला परगावी गेल्यापासून पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात कापड पांघरून होता. गाठमास्तरांनी दोन दुपारी नुसत्या तो शिकण्यात घालवल्या. पाळीहून तीनला यायचं, हात धुवायचे, आणि समोर बसायचं. तिसऱ्या दुपारी वायर जोडली आणि कॅसेट लावली.

तो एक तास त्यांना दोन पाळ्यांसारखा गेला. पट्टी फिरत होती आणि प्रत्येक फेऱ्याला काही ना काही झडत होतं, हे माहीत असून बघत बसायचं. एकच दिलासा होता. पडद्याच्या कोपऱ्यात दोन इंग्रजी शब्द होते आणि त्यांच्यापुढे एक आकडा, तो हळूहळू चढत होता. बारा. एकतीस. साठ. मागावरही तसं मीटर असतं. जितकं विणलं तितका आकडा चढतो आणि मजुरी त्यावरच. आकडा चढतोय म्हणजे काम होतंय. शेवटी तो सत्त्याण्णववर थांबला. शंभराच्या जवळ गेला म्हणून त्यांना बरंही वाटलं.

कॅसेट बाहेर काढली तर कॅमेऱ्याच्या पोटात तपकिरी भुकटी सांडलेली. त्यांनी ती बोटावर घेतली. मैद्यासारखी बारीक होती. ही कोणत्या मिनिटाची, असं मनात आलं आणि बोट पुसायचा धीर झाला नाही.

फाइल बदलून लहान झाली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. त्यांनी बायकोला बोलावलं, खुर्ची दिली आणि एकेचाळिसावं मिनिट लावलं. पडद्यावर हीच खोली, भिंतीचा रंग तेवढा वेगळा. बायको लेकीची वेणी घालत होती. लेक आठ वर्षांची, सारखी मान फिरवत होती. बायकोच्या ओठांवर स्पष्ट दिसलं, 'मान हलवू नकोस गं.' गाठमास्तरांना ते वाचता आलं आणि ते खूश झाले. झालं काम, म्हणून त्यांनी शेजारी बघितलं.

बायकोचा हात गळ्याशी गेला होता. ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

ते मागोमाग गेले. "काय झालं?"

तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं. मग तिचे ओठ हलले. "मी तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. मग तोंड मिटलं, दातांत पिन धरली, आणि तेव्हा आला. मागून. दुसरंच कोणी बोलल्यासारखा."

"मशीनची चूक आहे. नीट करतो."

"असंच होणार आहे का हो माझं? तोंड हलणार आणि..."

"नीट करतो म्हटलं ना."

"राहू द्या. मला नाही बघायचं."

तिला धीर द्यायला म्हणून जे काढलं, त्यानेच तिला मंगळवारनंतरचं सगळं आधी दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते दार लावून काम करायला लागले. तिला पुन्हा ते दृश्य चुकूनही दिसता कामा नये. कान साथ देत नव्हता, म्हणून दुसरी सोय केली. डावा कान स्पीकरला टेकवायचा, बोट त्याच्या थरथरणाऱ्या पडद्यावर ठेवायचं, आणि एका प्रोग्राममध्ये आवाजाची नक्षी दिसायची ती बघायची. मोठा आवाज तिथे उंचवटा, गप्प तिथे सपाट रेघ. घड्याळ हातात घेतलं आणि वहीत नोंदी सुरू केल्या.

पहिला संशय फाइल बदलण्यावर. दुसऱ्या प्रोग्रामने बदलून पाहिली. मग तिसऱ्या. दर वेळी सहा-सात तास लागायचे, त्यामुळे दिवसाला एकच प्रयत्न. तिन्ही वेळा घरच्या भागाच्या शेवटी आवाज तेवढाच मागे: चार सेकंदांना जरा कमी. तीन वेगळ्या मागांवर एकाच जागी डाग आला तर दोष मागात नसतो, मागे बीमवर गुंडाळलेल्या सुतात असतो. म्हणजे बदलण्यात चूक नव्हती. चूक भरण्यात होती, किंवा कॅसेटमध्ये. कॅसेटमध्ये असेल तर संपलंच.

मग आवाज सरकवून पाहिला. चार सेकंद पुढे ओढला तर शेवट जुळला, पण वेणीचं दृश्य सुटलं. तिथे आता आवाज ओठांच्या आधी यायला लागला. वेणीला जुळवला तर शेवट सुटला. वेणीपाशी अडीच, शेवटी चार. म्हणजे फरक वाढत जातो. ठीक. वाढत असेल तर सुरुवातीला कमी असला पाहिजे. ते बघायला त्यांनी कॅसेटचं तिसरं मिनिट काढलं. तिथे जॉबर मागापाशी उभा राहून कॅमेऱ्याकडे बघत बोलत होता. ओठ लख्ख दिसत होते: 'आमच्या गाठमास्तरांचा फोटो काढा, नवरदेव शोभतील.' नक्षीत मागांचा सपाट जाड पट्टा, आणि त्यावर एक उंचवटा. तो होता जॉबरचे ओठ मिटल्यानंतर तब्बल सात सेकंदांनी.

सुरुवातीला सात, मध्ये अडीच, शेवटी चार.

असा दोष त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. वाढणारा दोष कळतो, घटणारा कळतो. घटून वाढणारा कसा पकडायचा? आठ दिवस ते त्या साताच्या मागे लागले. आवाजाचे तुकडे केले, ताणले, आखडले, पुन्हा जोडले. प्रत्येक तुकडा दुसऱ्याला बिघडवायचा. जागा पुरेना म्हणून जुनी प्रत पुसून नवी करायची. भिंतीवर मंगळवार जवळ येत होता आणि वहीची पानं भरत होती.

त्यांना भीती वाटायला लागली ती शेडमध्ये. एकतीस वर्षं ज्या हलत्या ओठांवर त्यांचा संसार चालला होता, तेच ओठ बघवेनात. समोरचा बोलायचा आणि हे थांबून राहायचे, की आता मागून आवाज येईल. तो येणार नव्हताच, कधीच आला नव्हता. तरी नजर त्या ओठांवरच अडकून राहायची. एकदा अशाच तंद्रीत चौथ्या मागावरचा धागा तुटला, माग थांबवणारी तार अडकली, आणि हातभर कापड फुकट गेलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

जॉबर आला. कापड बघितलं. "मास्तर, कान गेले ते गेले, आता डोळेपण का?"

गाठमास्तरांनी तुटलेला धागा जोडायला घेतला.

"वहिनींचं कळलंय. सुट्टी टाका."

"सुट्टीचा पगार तू देणार?"

"माझा मलाच पुरत नाही," जॉबर म्हणाला आणि अडकलेली तार स्वतःच्या हाताने सोडवून गेला. त्याने तो तुकडा नुकसानीच्या वहीत चढवला नाही.

मंगळवारला पाच दिवस उरले तेव्हा गाठमास्तरांनी हार मानली. लेकीला विचारायचं. ती रोज कॉम्प्युटरवरच काम करायची. पण फोन करायचा म्हणजे बायको हवी, कारण त्यांच्या घरी फोनवर बोलायला दोघं लागत. लेकीचं बोलणं बायको कानाने ऐकायची आणि ओठांनी नवऱ्याला सांगायची. उत्तर नवरा द्यायचा. दोघं मिळून एक धड माणूस होतं, असं लेक म्हणायची.

त्यांनी बायकोला पुढच्या खोलीत बोलावलं. ती आली, पण कॉम्प्युटरकडे पाठ करून बसली.

गाठमास्तरांनी सगळं सांगितलं. वहीतून वाचून, मिनिटासकट.

बायको ऐकत होती आणि सांगत होती. "ती म्हणते, बाबा ओरडू नका, माझा कान शाबूत आहे अजून."

"बरं."

"म्हणते, आठ दिवस एकट्याने कशाला करत बसलात. आधी का नाही विचारलं. हट्टी आहात."

"हट्टी ती म्हणाली की तू?"

"मी."

गाठमास्तरांनी वही पुढच्या पानावर उघडली.

"ती विचारते, सात सेकंद कुठे मोजले?"

"जॉबर बोलतो तिथे. तिसऱ्या मिनिटाला."

बायकोने हे ऐकून मान वळवली. फोन कानालाच होता. "जॉबर बोलतो? कुठे? दाखवा."

त्यांना दाखवायचं नव्हतं. पण त्या दृश्यात ती नव्हती, म्हणून लावलं. जॉबरचे ओठ हलले, मिटले. सात सेकंदांनी नक्षीत उंचवटा आला. गाठमास्तरांनी बोट ठेवून दाखवला. "हा बघ त्याचा आवाज."

बायकोने पुन्हा लावायला सांगितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. डॉक्टरांकडून आल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, आवाज न करता.

"अहो, तो दादा खोकलाय. कॅमेऱ्यामागे." तिने डोळे पुसले. "जॉबर कधी आवाज काढून बोललाय का? शेडमध्ये आवाज काढून कोण बोलतं?"

गाठमास्तर पडद्याकडे बघत राहिले. कोणीच नाही. तेही नाही. एकतीस वर्षं ते स्वतः जसे बोलत आले, तसाच जॉबर बोलला होता, नुसत्या ओठांनी. ते ओठ त्यांना इतके स्वच्छ ऐकू आले होते की त्यात आवाज नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी आठ दिवस मेहुण्याचा खोकला जॉबरच्या तोंडाला जोडण्यात घालवले होते.

साताचा आकडा त्यांनी वहीत खोडला. उरले अडीच आणि चार. नुसता वाढणारा, सरळ दोष.

"ती विचारते, भरताना कोपऱ्यात एखादा आकडा होता का?"

"होता ना. सत्त्याण्णवपर्यंत गेला," गाठमास्तर जरा अभिमानानेच म्हणाले.

बायको फोन कानाला धरून थांबली. मग तिने अगदी सावकाश ओठ हलवले, एक शब्दही निसटू नये असे. "ती म्हणते, तो गळलेल्या चित्रांचा आकडा आहे. शून्य असायला हवा."

त्यांनी वहीचं पहिलं पान उलटलं. सेकंदाला पंचवीस चित्रं. ती सगळी आली पाहिजेत. पेन्सिल घेऊन सत्त्याण्णवला पंचवीसने भागलं. चार सेकंदांना जरा कमी.

मागावर धागा तुटला की माग थांबतो. थांबलाच पाहिजे, तेवढ्यासाठी प्रत्येक धाग्यावर एक तार असते. हे यंत्र थांबत नव्हतं. गळलं ते गळलं, पुढचं विणत जायचं, आणि वर गळतीचा आकडा दाखवायचं. त्यामुळे चित्र आखूड झालं होतं. आवाजाचा एक धागाही गेला नव्हता.

"आवाज अख्खा आहे," ते म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझा आवाज मागे पडलेला नाही. तुटलाही नाही. चित्रच पुढे पळालंय."

बायकोने फोन मांडीवर ठेवला. लेक पलीकडून काहीतरी विचारत होती, ते दोघांपैकी कोणालाच आता नको होतं.

पण चित्र नीट करायचं तर कॅसेट पुन्हा चालवायला हवी होती. कॅमेरावाल्याने 'दोनदा' असं लिहिलं होतं. ही दुसरी वेळ. मध्येच पट्टी तुटली तर जुळलेलं चित्र कधीच मिळणार नव्हतं, आणि बायको आत जाताना तिच्या डोळ्यांसमोर तेच राहिलं असतं: तोंड उघडतंय आणि काही येत नाही.

तयारीला तीन दिवस होते. लेकीने कारण सांगितलं होतं: डिस्क गच्च भरलेली, आणि व्हायरस शोधणारा प्रोग्राम मधूनमधून सगळं चाळत बसतो. तेवढ्यात कॅमेरा पुढे निघून जातो. गाठमास्तरांनी आधी अख्खा आवाज वेगळा काढून पेनड्राइव्हवर घेतला, लहान न करता. एक लहान तुटकी प्रत करून ठेवली, काहीच नसण्यापेक्षा बरी म्हणून. मग मोठी फाइल पुसली. पुसू का, असं कॉम्प्युटरने विचारलं तेव्हा बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. लेकीची जुनी गाणी तिला विचारून काढली. बाकीचे प्रोग्राम बंद केले, झाकण उघडून पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली. कॅमेरा पुन्हा जिन्याखाली नेऊन साफ करून आणला. कॅमेरावाल्याने पैसे घेतले नाहीत, आणि ते त्यांना वाईट लक्षण वाटलं.

रविवारी सकाळी दहाला कॅसेट लावली. सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. बायको स्वतःहून खुर्ची ओढून शेजारी बसली.

शून्य.

जॉबर आला, बोलला, गेला. मेहुणा खोकला. शून्य. गाठमास्तरांनी तळहात टेबलावर पसरला होता. कॅमेऱ्याची थरथर लाकडातून कळत होती. तेविसाव्या मिनिटाला थरथर जड झाली. पडद्यावर चौकोन आले, दोन सेकंद राहिले, गेले. त्यांचा हात कॅमेऱ्याकडे गेला. बायकोने मनगट धरलं आणि मान हलवली. थांबवून पुन्हा चालू करणं म्हणजे पट्टीला आणखी एक हिसका. ते तिलाही कळत होतं.

एकेचाळीस. वेणी. शून्य.

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला बायकोचा अर्धा चेहरा पडद्यावर फुटला. हनुवटी एकीकडे, डोळे दुसरीकडे, मध्ये रंगीत चौकोन. मनगटावरची पकड घट्ट झाली. नखं रुतली. गाठमास्तरांनी श्वास धरून ठेवला, जणू त्यांनी सोडला तर पट्टी तुटेल. चौकोन हलले, विरळ झाले, आणि चेहरा पुन्हा एक झाला. कोपऱ्यात एक.

एक चित्र. सेकंदाचा पंचविसावा भाग.

छप्पन्नाव्या मिनिटाला घरचं शूटिंग संपलं, पडद्यावर नुसता जमिनीचा तुकडा राहिला. अठ्ठावन्नला टेबलातून करकर आली, पडदा निळा झाला. कॅमेऱ्याचं दार उघडलं तर आत पट्टीचा गुंता. हातभर तरी चुरगळली होती, दोन जागी तुटली होती. गाठमास्तरांनी सवयीने टोकं बोटांत धरली. मग ठेवून दिली. याला गाठ चालत नाही.

या वेळी फाइल लहान करायची वाटही त्यांनी पाहिली नाही. मोठीच लावली. वेणीचं दृश्य आलं आणि ते पडद्याकडे न बघता बायकोकडे बघत राहिले.

पडद्यावरची बायको बोलत होती. खुर्चीवरची बायको ते ऐकत होती, आणि तिचे ओठ बरोबर तेच शब्द बोलत होते. मान हलवू नकोस गं. किती वेळा सांगायचं. बाबा आले की सांगते थांब. गाठमास्तरांचं बोट स्पीकरवर होतं. ओठ मिटले की बोटाखालची थरथर थांबायची, उघडले की सुरू व्हायची. एक धागा इकडेतिकडे नव्हता.

सोळा मिनिटं तिने हलू दिलं नाही. संपल्यावर म्हणाली, "किती मोठ्याने बोलायचे मी. शेजारी कंटाळले असतील."

"कंटाळले होते."

"बरा होता पण." तिने त्यांच्याकडे मान वळवली. "तुम्हाला आला का ऐकू?"

"बोटाला आला."

"कानाला?"

गाठमास्तर खोटं बोलू शकले असते. "नाही. खालचं काहीतरी घुमतं नुसतं."

"म्हणजे आता तो फक्त मला आणि तिला." बायकोने पडद्यावरच्या लेकीकडे बोट केलं. "इतकी वर्षं मी तुमच्यावर ओरडत होते, ते?"

"ओठ दिसत होते की."

ती हसली नाही. त्यांच्या डाव्या कानाकडे बघत राहिली. तो कान आजवर कोणी तपासला नव्हता. लेकीचं शिक्षण होतं, घरभाडं होतं, मग हा आजार. आपला कान त्यांनी खर्चात धरलाच नव्हता.

मंगळवारी साडेसातला तिला आत नेलं. दार बंद होताना तिने काहीतरी म्हटलं, पण तोंडावर मास्क होता आणि गाठमास्तरांना ते वाचता आलं नाही. पुढचे सहा तास त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बाकावर न बसता ते त्या बोळातून येरझाऱ्या घालत राहिले, सहा माग असल्यासारख्या. दीडला डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला, आणि ओठ स्वच्छ हलले: नीट झालं.

चार दिवसांनी ती ओठ हलवण्याइतकी सावरल्यावर त्यांनी पहिलं तेच विचारलं. "आत जाताना काय म्हणालीस?"

तिला आठवायला वेळ लागला. "रविवारच्या पाळ्या घ्या म्हटलं. पैसे साठवा."

"कशाला?"

तिने बोटाने त्यांचा कान दाखवला.

साठवलेलं सगळं दवाखान्यात गेलं होतं. गाठमास्तरांनी पुढचे सात महिने रविवारच्या जादा पाळ्या केल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी, आठही तास उभ्याने. त्या मजुरीतून कानाचं यंत्र आलं. एकच, डाव्या कानाचं. उजव्या कानासाठी घेऊन उपयोग नाही, असं तपासणाऱ्याने सांगितलं. ते कानात घालून गाठमास्तरांनी एकेचाळिसावं मिनिट लावलं, आणि या वेळी ओठांकडे न बघता डोळे मिटून ऐकलं.